चष्मेवाल्यांचं मत

बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ सिनेमाचे मोठे जाणकार आहेत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांना स्वतःला आणि त्यांच्या बायकोला.

त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर एकटे राहायचे आणि हौशी होते. दर गुरुवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गाल धरून जिना उतरला, की ते बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या ओळीने मांडायचे, भिंतीवरचं जबड्याचं मोठं चित्र उतरवायचे आणि त्या मोकळ्या भिंतीवर सिनेमा लावायचे. दर आठवड्याला वेगळा. एकदा पाहिलेला पुन्हा लावायचा नाही आणि चर्चा झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, एवढेच नियम. मंडळी ठरलेली होती: स्वतः डॉक्टर, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, पलीकडच्या गल्लीत शिवणाचा क्लास घेणाऱ्या बाई आणि खालचे चष्मेवाले.

चष्मेवाल्यांचा दिवस उभ्यानं जायचा. लोकांच्या नाकावर एकामागून एक काचा चढवत 'आता दिसतंय? आणि आता?' असं विचारून घसा सुकायचा. त्यामुळे अंधार झाला आणि पाठीला खुर्ची लागली, की भिंतीवरची नावं संपायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. पण झोप मोठी शिस्तीची. घोरणं नाही, मान टाकणं नाही. हाताची घडी घालून ताठ बसायचे, आणि समोरचा सिनेमा त्यांच्या जाड भिंगांवर हलत राहायचा. शेजारच्याला वाटे, काय तल्लीन झालाय माणूस.

पहिल्याच गुरुवारी दिवे लागले, ते दचकून जागे झाले, आणि प्राध्यापकांनी नेमकं त्यांनाच विचारलं, "तुमचं मत काय?"

चष्मेवाले गडबडले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "जे दिसलं नाही, तेच महत्त्वाचं असणार."

डॉक्टरांनी मान डोलावली. प्राध्यापक बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "वा."

तेव्हापासून रीतच पडली. प्राध्यापक आधी भरपूर बोलायचे, डॉक्टर आणि बाई थोडं थोडं बोलायचे, आणि शेवटी सगळे चष्मेवाल्यांकडे वळायचे. ते एखादं वाक्य टाकायचे. "शेवट कळल्यावर सुरुवात पुन्हा आठवावी लागते." किंवा, "दोष कुणा एकाचा म्हणता येणार नाही." कुठल्याही अंगाला बसेल असा सदरा म्हणजे कसा, ते बाईंना धंद्यामुळे माहीत होतं; बाकीचे दोघे मात्र भारावून जायचे. हळूहळू बाजारात बोलबाला झाला. चष्म्याची काडी बदलायला आलेलं गिऱ्हाईकही विचारू लागलं, "यंदा बघण्यासारखं काय आहे?" चष्मेवाले काडीचा स्क्रू पिळत म्हणायचे, "तसं पाहिलं तर सगळंच बघण्यासारखं असतं." गिऱ्हाईक विचारात पडून निघून जायचं.

बायको मात्र घरी स्पष्ट सांगायची, "यांचे आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा डोळे मिटलेले आहेत."

मग घरात सून आली. शाळेत चित्रकला शिकवणारी, बोलायला मोकळी. सासऱ्यांची कीर्ती तिच्या कानावर लग्नाआधीच गेली होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, या गुरुवारी मीपण येऊ? तुम्ही सिनेमा कसा बघता, ते बघायचंय मला."

"कंटाळशील गं," चष्मेवाले म्हणाले.

"जाऊ दे की तिला," सासूबाई आतून म्हणाल्या. "बघू दे एकदा."

सूनबाई गेली आणि सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची धरून बसली. शेजारून बघितलं की भिंगाच्या आत काय चाललंय ते दिसतं, ही गोष्ट चष्मेवाल्यांना धंद्यानं माहीत असायला हवी होती. तिनं एकदा बघितलं, पुन्हा वाकून बघितलं आणि मुकाट्यानं सिनेमा पाहिला. चर्चेच्या शेवटी चष्मेवाले म्हणाले, "माणूस परत येतो, पण पोचत नाही." प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

जिना उतरताना सूनबाई म्हणाली, "बाबा, या सिनेमात कुणी कुठं गेलंच नव्हतं. सगळे पहिल्यापासून एकाच खोलीत होते."

चष्मेवाल्यांनी कठडा धरला. "मग?"

"मग काय. पुढच्या वेळी मी कोपर मारणार."

ते आणखी दोन पायऱ्या उतरले. "जोरात नको मारूस," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी तिनं शब्द पाळला. डोळा लागला की कोपर, पुन्हा लागला की पुन्हा कोपर. अर्ध्या तासानं चष्मेवाल्यांची झोप मोडली ती मोडलीच, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गुरुवारचा सिनेमा पाहिला. साधीच गोष्ट होती. एका लहान स्टेशनावर एक माणूस दिवे पुसायचं काम करतो. त्याला पूर्वी सोडून गेलेली बाई बऱ्याच वर्षांनी गाडीतून उतरते, त्याच्यासमोरून चालत जाते, आणि तो दिवा पुसत राहतो. बस. चष्मेवाल्यांना हुंदका आवरेना. त्यांना वाटलं, हे दर आठवड्याला इथं चाललेलं असतं आणि आपण कुठं होतो?

दिवे लागले. प्राध्यापकांना बोलायची संधीच मिळाली नाही. चष्मेवाले पहिल्यापासून गोष्ट सांगू लागले: गाडी कशी आली, ती कशी उतरली, तिच्या हातातली पेटी किती जड होती. सगळ्यांनी नुकतंच पाहिलेलं सगळ्यांना सांगत होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे नजर टाकली.

"पण एक सांगतो," चष्मेवाले म्हणाले, "त्यानं तिला ओळखलं होतं. म्हणून तर ती येताना दिसल्याबरोबर त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. तसल्या जाड काचा मी रोज घासतो. चष्म्याशिवाय त्याला समोर नुसतं धुकं दिसलं असणार. त्याला ती दिसायलाच नको होती."

सूनबाईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, तोच प्राध्यापकांनी मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर. चष्मा काढण्याचा तो क्षण मी तेव्हाच टिपला होता. साऱ्या सिनेमाची किल्ली तिथं आहे."

"चष्मा काढताना त्यानं दात आवळले होते," डॉक्टर म्हणाले. "जबड्यावरून लगेच कळतं."

"खिसाही मोठा होता," बाई म्हणाल्या. "उगीच नाही कुणी एवढा मोठा खिसा शिवत."

त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. प्राध्यापक रोज दुकानात येऊन बसायचे. त्यांचं म्हणणं, चष्मा काढणं हा सूड आहे. डॉक्टर दोन पेशंटांच्या मध्ये खाली उतरून सांगायचे, की तो सूड नाही, लाज आहे. वाद इतका पेटला, की शेवटी नियम मोडून तोच सिनेमा पुन्हा लावायचं ठरलं.

गुरुवारी सगळे पुढं सरकून बसले. गाडी आली. बाई उतरली. "आता बघा," प्राध्यापक कुजबुजले. ती समोरून चालत गेली. माणूस दिवा पुसत राहिला. डॉक्टरांनी सिनेमा मागे नेला, पुन्हा लावला, पुन्हा मागे नेला. त्या माणसानं चष्मा काढला नाही, कारण त्याला चष्मा नव्हताच. सबंध सिनेमात कुणालाच चष्मा नव्हता. मोठा खिसासुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी सिनेमा थांबवला आणि दिवे लावले.

"मला गेल्या वेळीच वाटलं होतं," सूनबाई म्हणाली. "पण एवढी मोठी माणसं ठामपणे सांगतायत म्हटल्यावर मला वाटलं, माझंच लक्ष नसेल."

चष्मेवाले उठून उभे राहिले. "तेवढ्यात माझा डोळा लागला असणार. ते मी स्वप्नात पाहिलं." मग त्यांनी एकदाचं सांगूनच टाकलं. "आणि तेवढ्यातच असं नाही. मी इथं पहिल्या दिवसापासून झोपतोय. हा सोडला तर मी एकही सिनेमा पाहिलेला नाही."

आता आपल्याला जिन्यावरून खाली ढकलतील, अशी त्यांची समजूत होती. पण प्राध्यापकांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "ही नम्रता फक्त तुमच्यापाशी आहे."

"अहो, नम्रता कसली? झोपत होतो मी."

"आपण सगळेच झोपलेलो असतो," प्राध्यापक म्हणाले. "तुम्ही ते मान्य केलंत, इतकंच." डॉक्टरांनीही मान डोलावली. चष्मेवाल्यांनी शपथा घेतल्या, सुनेची साक्ष काढली. पण पालथ्या घड्यावर पाणी. झोपेत इतकं खोल बोलता येत नाही, यावर दोघंही ठाम होते.

निघताना बाई त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं मत थोडक्यात आटपायचं, भाऊ. तुम्ही गप्प बसला असता तर प्राध्यापकांचं आणखी ऐकावं लागलं असतं."

त्यानंतर चष्मेवाले खरंच जागे राहू लागले. दुपारी दुकानाची फळी ओढून तासभर पडायचे आणि गुरुवारी ताजेतवाने वर जायचे. मत विचारलं की सांगायचे, "आवडला," किंवा, "मधेच जरा लांबला." पहिले काही आठवडे प्राध्यापकांनी त्यातही अर्थ शोधून पाहिला. मग त्यांना कळून चुकलं, की आवडला म्हणजे आवडलाच. पुढं पुढं चष्मेवाल्यांना कुणी शेवटी विचारेनासं झालं. गिऱ्हाइकंही नुसती काडी बदलून जाऊ लागली. डॉक्टर एकदा शिवणाच्या बाईंना म्हणाले, "माणूस पूर्वीसारखा राहिला नाही. धार गेली."

चष्मेवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. मुलाची बदली झाल्यावर सूनबाईही त्याच्याबरोबर परगावी गेली, तिथल्या शाळेत लागली. दर शुक्रवारी ती फोन करून विचारते, "बाबा, काल कुठला होता?" मग चष्मेवाले दुकानाच्या पायरीवर बसून पहिल्यापासून सांगायला लागतात. कोण कुठून आलं, कुणी काय घातलं होतं, पाऊस कुठं पडला. गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानंच थांब म्हणतात. पलीकडे तिची भांडी वाजतात, नळ वाहतो, मधूनच ती विचारते, "मग?" आणि ते सांगतात.