संपाची शेवटची तारीख

आमचे आबा, म्हणजे माझे वडील कोंडीराम, महाहट्टी माणूस. परळच्या एका गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात होते. संपात नोकरी गेली, पण हट्ट काही गेला नाही. त्यांचा धाकटा भाऊ उत्तम संपाच्या दुसऱ्या वर्षी पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला, तेव्हा गॅलरीत सगळ्या चाळीदेखत आबांनी त्याला सुनावलं, "संप मिटेल त्या दिवशी तुझ्याशी बोलेन."

उत्तमकाकाची खोली आमच्यापासून तिसरी. नळावर, जिन्यात, बुद्धविहारात दोघं समोरासमोर यायचे आणि आबा मान फिरवायचे. काकाच्या त्याच पगारातला तांदूळ राधाकाकू गुपचूप आमच्या आईला द्यायची. त्यावर मी वाढले. आबाही तोच भात जेवायचे आणि कुठून आला ते कधी विचारायचे नाहीत. मला याचीच जास्त चीड यायची.

पुढे गिरणी पाडली, तिथे काचेची इमारत आली, तरी अबोला सुटला नाही. कापसाच्या धुळीनं काकाची छाती पार खाल्ली होती. डॉक्टरांनी हात टेकले. सोमवारी सकाळी काकू त्याला गावी नेणार होती आणि तो परत येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी कॉम्प्युटरवर बसले होते. दादरला ज्या क्लासमध्ये मी शिकवते, तिथल्या रजांसाठी एक्सेलमध्ये कॅलेंडर करत होते. वर महिना आणि वर्ष बदललं, की खालच्या तारखा आपोआप आपापल्या वाराखाली जाऊन बसायच्या. रजेची पहिली आणि शेवटची तारीख टाकली, की मधले दिवस लाल. आजारी माणूस कधी परतणार ते ठाऊक नसेल, तर शेवटची तारीख रिकामी सोडायची. मग आजपर्यंतचे सगळे दिवस लाल व्हायचे.

आबा सकाळपासून खाटेवर चुळबुळत होते. एकदम म्हणाले, "गुणे, यात संप टाक बघू."

मी अठरा जानेवारी ब्याऐंशी टाकलं.

"सोमवार," आबा पडद्याकडे बघत म्हणाले. "बरोबर दाखवतंय."

"आणि मिटला कधी?" मी विचारलं.

मिटला कुठे होता? कुणी तो मागे घेतलाच नव्हता. मी शेवटची तारीख रिकामी ठेवली आणि एकेक महिना बदलत गेले. माझी दहावी लाल. आई गेली तो महिना लाल. गिरणीची चिमणी पाडली तोही लाल. शेवटी हा महिना आला, तो आजच्या रविवारपर्यंत लाल.

"भरा की आता शेवटची तारीख!" माझा तोल सुटला. "का काका गेल्यावर मिटवणार आहात?"

आबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आजची टाक."

मी टाकली. पडद्यावर काहीच बदललं नाही. फरक पडणार होता तो उद्यापासून.

आबांनी शर्ट घातला आणि गॅलरीतून चालत गेले. मी मागोमाग. काका खाटेवर उशीला टेकून बसला होता. आबा दारातच थांबले.

"उत्तम, संप मिटला रे."

काकानं कसाबसा दम गोळा केला. "मागण्या मान्य झाल्या?"

"नाही."

"मग मिटवलास कशाला, दादा?"

"तू चाललास म्हणून," आबा म्हणाले आणि त्याच्या पायाशी बसले.