प्रतीक्षाची उरलेली फी

काय झालं ते सांगते, पण हसायचं शेवटी. माझा हिशेब कधी चुकत नाही. यावेळीही चुकला नव्हता, आणि तरीही तोंडावर आपटले. ते कसं, ते ऐका.

धायरीला आमचा पंपाचे सुटे भाग बनवण्याचा छोटासा कारखाना आहे. पगार, रजा, हजेरी, चहाची साखर, सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी प्रतीक्षा नावाची मुलगी तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. मशीनवर काम शिकायला आलेली आमच्याकडची पहिलीच मुलगी. आठवड्यातले चार दिवस कारखान्यात आणि दोन दिवस एका प्रशिक्षण संस्थेत. फी कंपनी भरणार. वर्षाच्या शेवटी परीक्षा, आणि पास झाली तर नोकरी पक्की. त्या नोकरीवर तिचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

सात महिन्यांनी ती संस्थाच बंद पडली. मग कोथरूडच्या दुसऱ्या संस्थेत तिचं नाव घालायचं ठरलं. आता उरलेली फी किती?

साहेब म्हणाले, "बघा जरा, कमीत कमी कितीत बसतंय."

हे वाक्य माझ्यासमोर बोलू नये. मला मग स्वस्थ बसवत नाही. त्यात नव्या संस्थेचा फॉर्म आला. शिकवायच्या छत्तीस गोष्टींची यादी, आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन. आधी शिकून झालं असेल तिथे खूण करा. जितक्या खुणा जास्त, तितकी फी कमी. अहो, असा फॉर्म माझ्यासारखीच्या हातात देतात का?

हिशेब सोपा होता. बारा महिन्यांत छत्तीस, म्हणजे महिन्याला तीन. सात महिने झाले, म्हणजे एकवीस. केल्या एकवीस खुणा. मग वाटलं, पोरगी आपल्या कारखान्यातही असतेच की. तिथे काहीच शिकली नसेल का? सुरक्षा, साफसफाई, मोजमाप अशा आणखी पाच खुणा केल्या. झाल्या सव्वीस.

प्रतीक्षा माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. भागाकार करताना कोणी माणसांना विचारतं का?

खाली लिहिलं होतं, 'खात्री करणाऱ्या जाणकाराची सही'. ही सही खरं तर फोरमनची. तो सोमवारपर्यंत रजेवर. सोमवारपर्यंत थांबणारी असते तर काय हवं होतं? मीच सही ठोकली.

चौथ्या दिवशी संस्थेच्या लेले सरांचा फोन आला. "मॅडम, फॉर्म वाचला. ही मुलगी आमच्याकडे शिकायला येणार आहे की शिकवायला?"

मी हसले. ते हसत नव्हते.

"सव्वीस गोष्टी येतात म्हणताय. उरलेल्या दहा आम्ही दोन महिन्यांत आटोपतो आणि लगेच परीक्षेला बसवतो. चालेल ना?"

"धावेल," मी म्हणाले.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना समोसे मागवले. हातात समोसा घेऊनच मी प्रतीक्षाला आनंदाची बातमी द्यायला गेले. तिचा चेहरा एकदम उतरला.

"मॅडम, तिथलं मशीन पहिल्यापासून बंदच हाय. सर फळ्यावर काढून दाखवायचे. मशीन चालू झाल्यावर हाताने करू, म्हणायचे."

"सात महिने?"

"हो ना. आणि हितं तर मला मालाच्या पेट्याच मोजायला लावत्यात. दोन महिन्यांत परीक्षा दिली तर मी नापास होणार. मग नोकरीचं काय?"

पोरीचे सात महिने आधीच फुकट गेले होते, आणि मी चार पैसे वाचवायच्या नादात तिच्या नोकरीवर खुणा करत सुटले होते. पाच वाजेपर्यंत मी चार वेळा उठले, चार वेळा फोन उचलला आणि ठेवला. चूक झाली असं म्हणायला जीभ उचलत नव्हती. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच स्कूटरवर मागे बसून कोथरूड गाठलं.

मी तोंड उघडायच्या आत लेले सरांनी टेबलावर एक लोखंडी तुकडा आणि मोजायची व्हर्निअर पट्टी ठेवली. "मोजा."

प्रतीक्षाने हात पुढे केला.

"तुम्ही नाही. मॅडम. खात्री करणाऱ्या जाणकार त्या आहेत."

मी पट्टी घेतली. डोळे बारीक केले, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. प्रतीक्षा हळूच म्हणाली, "मॅडम, उलटी धरलीय."

मग मात्र मी शरण गेले. "सर, तिच्या हाताला काहीच शिकायला मिळालेलं नाही. मी नुसता भागाकार केला. फी पूर्ण लावा, पण तिला पहिल्यापासून शिकवा."

सरांनी फॉर्म फाडला आणि नवा पुढे केला. त्यात एकही खूण नाही. तिच्या उमेदवारीची मुदतही सात महिने वाढवून घेतली.

साहेबांनी फीचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या ऑफिसात सही करायला जाणकार माणूस नाही. तुम्हीही जा शनिवारी. एकीची फी वाचवायला निघाला होतात ना, आता दोघींची भरतो."

तेव्हापासून दर शनिवारी मी माझ्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसते. मागच्या शनिवारी मोजमापाची चाचणी झाली. सर म्हणाले, "प्रतीक्षा, तुम्ही पुढच्या धड्याला या. मॅडम, आपण हाच धडा पुन्हा. त्याची फी वेगळी पडेल."

मी म्हणाले, "सर, पट्टी आता सरळ धरता येते मला. तेवढं वजा करून किती होतील?"