मास्तरांचा जास्तीचा ब्रेक

मास्तर गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. समोर कुत्र्याने नुसती शेपूट हलवली तरी मास्तरांचा पाय खाली जायचा. ही सवय घरीही आली होती. मुलगी काठोकाठ भरलेला पेला घेऊन निघाली की मास्तर टेबलाखाली ब्रेक दाबायचे. बायको म्हणायची, "अहो, घर उभंच आहे, कुठे चाललेलं नाही."

शेवटी उजवा गुडघा रुसला. जरासा सुजला काय, मास्तरांच्या मनाने एका दमात कुबड्यांपर्यंत मजल मारली. गुडघा गेला म्हणजे गाडी गेली, गाडी गेली म्हणजे आपण गेलो, असा त्यांचा साधा हिशेब होता. बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. गुडघा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतली गादी थोडी फाटली आहे. छोटं ऑपरेशन करता येईल." मास्तरांना पुन्हा कुबड्याच दिसल्या. तोंडाने मात्र "हो हो, करून टाका" म्हणत ते दाराबाहेरही पडले.

जिन्यात बायकोने अडवलं. "ऑपरेशननंतर गाडीत कधी बसता येईल?"

"विचारलं नाही."

"आणि नाही केलं तर?"

"असं विचारतात का कुठे? त्यांना राग आला म्हणजे?"

"रस्त्यात दिसेल त्या सायकलवाल्यावर ओरडता, आणि इथे मिठाची गुळणी? गुडघा कुणाचा आहे? चला वर."

मास्तर वर गेले आणि चाचरत का होईना, दोन्ही प्रश्न विचारून मोकळे झाले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.

"बरं झालं विचारलंत. ऑपरेशन केलं तर काही आठवडे गाडी बंद. नाहीतर आधी व्यायाम करून बघू, पुष्कळांना तेवढ्याने आराम पडतो. नाही पडला किंवा गुडघा अडकायला लागला, तर लगेच या. पण या पायाला दिवसभर काम तरी काय असतं?"

"ब्रेक दाबायचं."

"खरी गरज किती वेळा पडते?"

मास्तर छताकडे बघू लागले. बायको खोकली.

"क्वचित," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं भीतीपोटी."

हे एकदाचं बोलून टाकल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. मग त्यांनी स्वतःच ठरवलं, आधी व्यायाम, आणि ब्रेक लागेल तेवढाच.

ठरवलं खरं, पण दुसऱ्या दिवशी गाडीत टपाल कचेरीतल्या बाई बसल्या. कित्येक आठवडे त्या शिकत होत्या आणि परीक्षेचं नाव काढलं की नको म्हणत होत्या. चौक आला, सिग्नल लाल झाला. मास्तरांनी पाय ब्रेकजवळ ठेवला, पण टेकवला नाही. एक लांब श्वास सोडून ते म्हणाले, "थांबवा."

गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे अलगद थांबली.

बाईंनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पायाकडे. "मास्तर, ही मी थांबवली?"

"तुम्हीच."

"आणि इतके दिवस मला वाटत होतं," बाई म्हणाल्या, "मला हे कधी जमणारच नाही."

मास्तरांना गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं.