मुनीरमियाँचा पाट

काकू गेल्याचा फोन सकाळी आला आणि चौथ्या दिवशी तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, छापून आणलेली श्रद्धांजली माझ्या हातात पडली. ‘शांत आणि सोशिक.’ काकू आणि सोशिक! अरे, खोटं लिहायचं तर निदान खपेल असं तरी लिहावं. महिना उलटला तरी माझा राग गेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरचे कितीतरी सरकारी कारकून बायकामुलांसकट भोपाळला येऊन पडले. माझे काका त्यातलेच. मी आईविना पोर, काकूकडेच वाढले. तेव्हा दहा वर्षांची असेन. एकसारख्या क्वार्टरांची रांग, परका मुलूख आणि सगळ्यांचा जीव नागपूरच्या पत्रात अडकलेला. ती पत्रं आणणारे पोस्टमन मुनीरमियाँ. उर्दू अस्सल, इंग्रजी कामापुरतं, पण देवनागरीचं अक्षर ओळखत नव्हते. आणि आमचे नागपूरकर पत्ते लिहिणार मराठीत! मग मुनीरमियाँ आमच्या पायरीवर बसायचे, काकू एकेक पत्ता वाचायची आणि ते पेन्सिलीने कोपऱ्यात उर्दूत खूण करायचे. दिवाळीला काकू त्यांना आत बोलवायची. पाट, भोवती रांगोळी, फराळाचं ताट आणि थंडीसाठी स्वतः विणलेला मफलर. रांगेतल्या बायका कुजबुजल्या, “पाटावर बसवता त्यांना?”

“मग काय डोक्यावर बसवू? माझ्या माहेरची खुशाली उन्हातान्हात कोण आणतं, तुम्ही?”

तोंड असं. पण एकदा हेच तोंड चुकलं. रांगेत दोन जोशी होते. पलीकडच्या अण्णा जोशींच्या मुलीसाठी नागपूरहून स्थळाचं पत्र आलं, ते काकूने पत्ता चुकीचा वाचल्यामुळे दुसऱ्या जोशींकडे गेलं. ते सुटीवर, पत्र दाराखाली पंधरा दिवस पडून. तोवर स्थळ गेलं. अण्णांचा संताप खोटा नव्हता, हे मला आज कळतं. पण त्यांनी तक्रार केली ती अशी, की पोस्टमन फराळावर विकला गेलाय आणि टपाल एका बाईच्या ताब्यात आहे. चौकशी लागली. मुनीरमियाँची नोकरी जाणार असं सगळे धरून चालले... घरात खाणारी सात तोंडं होती त्यांच्या.

काकू नऊवारी नेसली, तिने माझा हात धरला आणि थेट डाकघर गाठलं. साहेबासमोर उभी राहून तिच्या त्या हिंदीत म्हणाली, “पत्ता मैंने पढ़ा, चष्मा मेरे को नहीं था, गलती मैंने किया. इनका काहे को नोकरी लेते?”

“और ये लड्डू, मफलर?”

“वो तो मैं देती. ये मांगते नहीं. और अगली दिवाली को भी देगी!”

मुनीरमियाँ कोपऱ्यात मान खाली घालून उभे. मला वाटलं, संपलं सगळं. साहेबाने बराच वेळ कागद चाळले. मग हुकूम दिला, ड्यूटीवर असताना कोणाकडून काही घ्यायचं नाही, पत्ते डाकघराबाहेरच्या कोणाकडून वाचून घ्यायचे नाहीत. आणि दोन महिन्यांत हिंदी पत्ते स्वतः वाचता आले नाहीत, तर नोकरी नाही. बाहेर आल्यावर मुनीरमियाँ म्हणाले, “बाई साहब, इस उम्र में कौन पढ़ाएगा हमें?”

“इतवार को ड्यूटी है?”

“नहीं.”

“तो आओ. वर्दी घर पे रखो.”

रविवारी ते पांढऱ्या शेरवानीत आले. काकूने पाट मांडला, तोही आत नव्हे, पायरीवर, सगळ्या रांगेला दिसेल असा. शेजारी बेसनाचा लाडू आणि माझी पाटी-पेन्सिल. माझी पाटी गेली म्हणून मी रडले, तर मला एक धपाटा मिळाला. अण्णा फाटकाशी येऊन म्हणाले, “वहिनी, हे पुन्हा काय?”

“शाळा. तक्रार लिहायची असेल तर बसा, कागद देते.”

आठ रविवार झाले. पन्नाशीचा माणूस जीभ दातात धरून अक्षरं गिरवायचा आणि काकू चुकीला “अरे देवा!” म्हणून कपाळावर हात मारायची. साहेबाने परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी मुनीरमियाँ वर्दीत आले, आमच्या पायरीवर न थांबता सरळ अण्णांच्या दारात गेले आणि पाकीट डोळ्यांसमोर धरून एकेक अक्षर लावत खणखणीत आवाजात अण्णांचं पूर्ण नाव वाचलं. रांगेतली दारं उघडली. अण्णांनी पत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग आत वळून बायकोला म्हणाले, “अगं, पाट आण.”

मुनीरमियाँ हसून म्हणाले, “ड्यूटी पे हूँ, हुज़ूर. इतवार को आऊँगा.”