डागी केळं वर

आमच्या गाडीचे धक्के झेलणारे पुढचे शॉकअप गेलेत हे गॅरेजवाल्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही. ते कळलं माझ्या सासूबाईंच्या मोडलेल्या खुब्याला.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. अक्का माहेरी, पिंपळनेरला गेल्या होत्या, थोरल्या भावाला बघायला. भाऊ वर्षभर खाटेवर. दुसऱ्याच दिवशी सकाळी मोरीत त्यांचा पाय घसरला आणि भावाशी धड दोन गोष्टी बोलायच्या आत त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी मी त्यांना माझ्या गाडीतून घरी, असोद्याला आणलं. हायवे बरा होता. पण पुलांचे जोड, गतिरोधक आणि जळगावहून असोद्यापर्यंतचा शेवटचा रस्ता! दर खड्ड्याला गाडी धाडकन आपटायची. अक्का एकदाही ओरडल्या नाहीत. उतरवताना पाहिलं तर पदराचं टोक दातांनी फाटलेलं होतं.

"माले आते त्या गाडीमा बसनं नही," एवढंच म्हणाल्या. असोद्यात पंचेचाळीस वर्षं काढली तरी त्यांची बोली पिंपळनेरकडचीच राहिली आहे.

दीड महिन्यानं पुन्हा धुळ्याला दाखवायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, नवा फोटो बघितल्याशिवाय पाय टेकवायचा नाही. म्हणजे अक्का गाडीत बसल्या नाहीत तर चालणार नाहीत, आणि चालल्या नाहीत तर भावाची ती अर्धवट भेट अर्धवटच राहणार. दुसऱ्याची गाडी आणू म्हटलं, तर सगळ्या गाड्या त्यांना सारख्याच. अॅम्ब्युलन्सचं नाव काढलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी जळगावात आठवीला विज्ञान शिकवते, गाडी मीच चालवते, आणि माझा स्वभाव तापट आहे असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तो नरडाण्याला कारखान्यात असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो, त्यामुळे त्याचं म्हणणं मला दोनदाच ऐकावं लागतं. मी गॅरेजवाल्याकडे दोन खेपा घातल्या. "ताई, जुनी गाडी म्हटल्यावर आवाज येणारच," असं तो दोन्ही वेळा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा तर आवाज ऐकायच्या आधीच म्हणाला. माझं डोकं फिरलं. तशीच दुकानात गेले, पुढच्या दोन्ही बाजूंचे नवे शॉकअप घेतले, स्प्रिंग दाबून धरायचे आकडे भाड्यानं आणले, आणि असोद्याच्या अंगणात गाडी उभी करून जाहीर केलं की हे काम मीच करणार.

आबा, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. केळीच्या मळ्यात त्यांनी जन्मभर मोटारी खोलल्या, पंप खोलले, ट्रॅक्टरची आतडी बाहेर काढून परत भरली, पण असल्या गाडीच्या बॉनेटखाली ते कधी डोकावले नव्हते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर दोन्ही हात ठेवून दाबलं आणि सोडलं. गाडी तीन वेळा खालीवर झाली.

"खांदा गेला हिचा," ते म्हणाले. "बैल असता तं मी जू नसतं ठेवलं."

शॉकअपला त्या दिवसापासून आमच्या घरात खांदा म्हणतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सुरुवात केली. ओट्यावर अक्कांची खाट, समोर आम्ही दोघं. आबांचा जॅकवर विश्वास नव्हता. त्यांनी गाडीखाली बाभळीचे ओंडके रचले, काढलेलं चाकही आडवं करून खाली सरकवलं, आणि मग गाडीला स्वतःच्या खांद्यानं दोन धक्के मारून पाहिले. नटबोल्टना आदल्या दिवशीच डिझेल पाजून ठेवलं होतं. खालचे दोन जाड बोल्ट काढण्याआधी त्यांनी खिळ्यानं तिथे एक रेघ ओढली. "होतं तिथंच बसलं पायजे." मी मोबाइलवर लावलेल्या व्हिडिओतला माणूस हेच पाच मिनिटांनी म्हणाला. आणि एक गोष्ट व्हिडिओत नव्हती: आबांनी केळीचं एक पान अंगणात अंथरलं आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्यावर ओळीनं मांडत गेले. पंगतीच्या पानावर मीठ कुठे, चटणी कुठे हे जसं ठरलेलं असतं, तसं. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून चाकामागचा जड भाग त्यांनी केळीची झाडं बांधायच्या दोरीनं वर टांगला. मी नुसती बघत राहिले. इतका स्वच्छ हात मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिला नाही.

मग बॉनेट उघडलं. खांद्याचं वरचं टोक तिथे असतं. भोवती तीन छोटे नट आणि मधोमध एक मोठा. नेमका तेव्हा व्हिडिओ अडकला, गोल गोल फिरत बसला. मला वाट बघवत नाही. मोठा नट म्हणजे मुख्य नट, असा सरळ हिशेब करून मी मधल्या नटावर पाना लावला आणि जोर दिला.

आबांनी माझं मनगट धरलं.

सासऱ्यानं सुनेचा हात धरणं आमच्याकडे होत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, कधी झालं नव्हतं.

"थांब वं पोरी," ते म्हणाले आणि लगेच हात सोडला. "ह्याच्याखाली काय आहे?"

"स्प्रिंग."

"दाबेल आहे का मोकयी?"

मी पाना मागे घेतला. दाबलेली स्प्रिंग! तिच्यात साठलेली स्थितिज ऊर्जा मी दर वर्षी फळ्यावर काढते, पोरांकडून व्याख्या पाठ करून घेते. तो मधला नट म्हणजे त्या स्प्रिंगचं झाकण होतं आणि मी त्यावर तोंड नेऊन उभी होते. आबांनी कपाळावरची जुनी खूण दाखवली. फवारणीच्या पंपात हवा भरलेली असताना त्यांनी तरुणपणी झाकण उघडलं होतं, त्याची ती खूण. "दाबेल गोष्टीचं झाकण आधी नही उघडायचं," ते म्हणाले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस! मला त्यांचा इतका अभिमान वाटला की माझी स्वतःची लाज वाटायची राहूनच गेली.

भोवतीचे तीन नट काढले, खांदा स्प्रिंगसकट अख्खा बाहेर आला. स्प्रिंगला दोन बाजूंनी आकडे लावले आणि चार आटे इकडे, चार आटे तिकडे असं करत ती दाबली. आकड्यांवरही आबांचा भरवसा नव्हता, म्हणून वेढ्यांतून बैलाची साखळी ओवून कडी घातली. मगच मधला नट. जुना शॉकअप हातात घेऊन दाबला तर तो दबून तसाच बसला, वर यायचं नावच नाही. नवा सावकाश, पण ठामपणे वर आला. "ह्याच्यात जीव आहे," आबा म्हणाले.

उजवी बाजू व्हायला दुपार झाली. डावीला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर, माझी बोटं सोललेली, आणि ओट्यावरून अक्का दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "व्हई का नही?" शेवटी आबा खालचे बोल्ट आवळत होते आणि मी म्हटलं, वरचे तीन नट मी बघते. ते मी बोटांनी फिरवून बसवले. आता पाना मारायचा, एवढ्यात अक्कांनी पुन्हा विचारलं. "झालं, झालं, झालं!" मी ओरडले आणि बॉनेट धाडकन आपटलं.

अक्कांनी त्यावर अट घातली.

"पहिले केळा फिरवा. डाग नही पडना, ते मंग दखू."

आमच्या घराला हे सांगायची गरज नव्हती. केळाच्या धंद्यात सगळा जपायचा खेळ आहे. पिकलेल्या केळाला आज धक्का बसला की उद्या सकाळी काळा डाग उमटतो, आणि ट्रक भरताना डाग ओळखायचं काम अक्कांनीच वर्षानुवर्षं केलं होतं. आबांनी पिकलेल्या दोन फण्या आणल्या. एक पुढच्या डाव्या सीटवर ठेवली, जिथे अक्का बसणार होत्या, आणि एक माझ्या मागच्या सीटवर. खाली ना गोधडी, ना पोतं. आबा मागे बसले आणि मी असोदा ते जळगाव आणि परत, एकही खड्डा न चुकवता गाडी नेली.

गाडी नवीच वाटत होती. फक्त डावीकडून, मोठ्या खड्ड्यांत, बारीक 'टक' असा आवाज यायचा. आबांचे कान पंपाच्या आवाजानं गेलेत. मला मात्र तो आवाज आला होता. पण मला तो ऐकायचा नव्हता.

सकाळी उठून आधी केळी पाहिली. मागची फणी पिवळीधमक. पुढच्या फणीतल्या तीन केळांवर बोटाएवढे काळे डाग. मी इकडेतिकडे पाहिलं आणि घरातली दुसरी फणी आणायला वळले. खोटं कशाला सांगू, बदलणारच होते. अक्कांचं भलं व्हावं म्हणूनच, असं मनाला सांगूनही झालं होतं. दारात आबा उभे होते.

ते रागावले नाहीत. त्यांनी ती तीन केळी फणीतून मोडली आणि ताटात सगळ्यात वर ठेवली. "व्यापारी आला का मी डागी केयं वर ठेवतो," ते म्हणाले. "मंग खालचं त्याले हात लावून पाहाव लागत नही." आणि ताट घेऊन ओट्यावर गेले.

अक्कांनी एकेक केळ अंगठ्यानं चाचपलं. मागची फणी पाहिली, पुढची पाहिली. "बठ्ठा डाग एकच बाजूना शेतस," त्या म्हणाल्या. "डावा खांदा उघाडा."

बॉनेट उघडलं. वरचे तिन्ही नट आबांनी नुसत्या बोटांनी फिरवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग ओट्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "नट ढिले राह्यले आपले." आपले, म्हणाले. मी पाना घेऊन ते आवळले तेव्हा मला नीट दिसत नव्हतं.

त्या दिवशी जळगावात चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि येताना पुन्हा केळी फिरवली. आवाज नव्हता, आणि दुसऱ्या सकाळी डागही नव्हता. अक्कांनी ताट बाजूला सारलं आणि एवढंच म्हणाल्या, चांगलं लुगडं काढ.

धुळ्याला निघालो तेव्हा त्यांनी पिकल्या केळांची एक फणी मांडीवर घेतली. डॉक्टरांसाठी असेल असं मला वाटलं. पारोळा गेल्यावर बाजूला पाहिलं तर अक्कांचे डोळे मिटलेले होते. पदर दातांत नव्हता, मांडीवर फणीखाली होता. आबा मागून कुजबुजले, "हळू चाल." ऐंशीच्या रस्त्यावर मी चाळीसनं चालले आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या आनंदानं खाल्ल्या.

डॉक्टरांनी फोटो पाहिला, वॉकर धरून पाय टेकवायला सांगितलं. अक्का चार पावलं चालल्या. फणी मात्र त्यांनी डॉक्टरांना दिली नाही. परत गाडीत बसल्यावर मी जळगावच्या दिशेनं वळणार, तर म्हणाल्या, "इतलं लांब वनूत, ते पिंपळनेर जाई येऊत. भाऊनी भेट बाकी ऱ्हायनी."

मी आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते, त्यांना जणू हे ठाऊकच होतं.

पिंपळनेरला पोचायला दुपार कलली. अक्का वॉकर टेकत भावाच्या खाटेपर्यंत स्वतः गेल्या. फणी त्याच्या उशाशी ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हाई मन्ही सून. गाडीना खांदा हिनीच बदलात."

एकोणीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. घेऊन टाकावं असं फार वाटलं. दारात आबा काठीसारखे सरळ उभे होते, आणि मला ते ताट आठवलं.

"अक्का," मी म्हटलं, "खांदे आबांनी बसवले. डावीकडचे नट मी ढिले सोडले होते. आवाजही आला होता मला."

"माले ठाऊक शे," अक्का म्हणाल्या. "तू ते गाडीनं झाकन आदळं ना, तव्हयच समजनं." मग त्यांनी फणीतलं एक केळ मोडलं, सोललं आणि भावाच्या हातात दिलं.

"तरी बसनू ना मी तुन्ही गाडीमा."