भेंडीचं टोक

भाजीची व्हॅन आमच्या वस्तीत यायची बंद झाली ती गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, एका गुरुवारी.

त्याआधी ती दर गुरुवारी कम्युनिटी सेंटरच्या कार पार्कमध्ये उभी राहायची. मागचं दार उघडं, दोन पायऱ्या, आत दोन्ही बाजूंना फळ्या. आत शिरलं की ओल्या मातीचा आणि सफरचंदांचा वास यायचा. भाव सुपरमार्केटपेक्षा कमी असत.

इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्स शहरात गाडीशिवाय पान हलत नाही. वडील गेल्यावर नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेल्या आईला गाडी चालवता येत नव्हती. शनिवारची खरेदी आमच्या सोयीने व्हायची. व्हॅनपर्यंत मात्र ती एकटी चालत जाऊ शकत होती.

पहिल्या गुरुवारी मी बरोबर होतो. आईने सवयीने भेंडीचं टोक मोडलं. मग दुसरीचं. तिसरीचं.

"लव्ह, मोडलेली कोण घेणार?" व्हॅनवाली म्हणाली. ती पन्नाशीची इंग्लिश बाई होती, सगळ्याच गिऱ्हाइकांना 'लव्ह' म्हणायची.

मी आईला मराठीत सांगितलं.

"मोडल्याशिवाय कोवळी की जून कसं कळणार? विचार तिला."

मी विचारलं. बाईने मोडलेल्या भेंड्या बाजूला काढल्या. "तिला सांग, हात लावायचा नाही."

घरी येताना आई म्हणाली, "यापुढे तूच आण बाबा. मला नाही कोणाचं ऐकून घ्यायचं."

पुढच्या गुरुवारी मी घरून काम करत होतो. आईच पिशवी घेऊन निघाली. परतली तेव्हा पिशवीत भेंडी होती, आणि एक करारही झाला होता. तो तिने कोणत्या भाषेत केला हे मला अजून कळलेलं नाही. एकच भेंडी मोडायची. टच्कन तुटली तर अर्धा किलो घ्यायची, नुसती वाकली तर दुसरी भाजी बघायची.

करार टिकला. पुढे आई पायरी चढताना दिसली की बाईच एक भेंडी मोडून दाखवायची. भेंडी वाकली की आई म्हणायची, "म्हातारी झाली गं, तुझ्या-माझ्यासारखी." बाई मान डोलावून हसायची. एकदा तिने रुबार्बचे, म्हणजे इकडच्या एका आंबट भाजीचे, लालसर दांडे दिले. आईने गूळ घालून अंबाडीसारखी भाजी केली आणि डबा भरून नेऊन दिला. डबा पुढच्या गुरुवारी परत आला, आत जर्दाळू होते.

मग व्हॅनच्या दारावर कागद लागला: हा थांबा बंद होत आहे. मी आईला वाचून दाखवला.

"दुसरीकडे कुठे थांबणार का, विचार."

थांबणार होती, पण तिथे चालत जाता येण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या दिवशी बाईने भेंडी पुढे केली. आईने ती न मोडता पिशवीत टाकली आणि अर्धा किलो मागितली.

आता ती शनिवारी आमच्याबरोबर गाडीतून येते. सुपरमार्केटमध्ये भेंडी प्लास्टिकच्या बंद पाकिटात मिळते.