मनगटापाशी थांबलेलं चित्र

आमचे हे, मधुकरराव, माणसांची चित्रं रंगवतात. गांधीबागेतल्या कितीतरी दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर यांनीच रंगवलेले शेठ बसले आहेत. यांचा नियम ठरलेला. माणूस जिवंत असला की त्याच्या हातात हिरवी डहाळी, अन् गेलेला असला की हात आशीर्वादाले उचललेला. चेहरा न पाहता मी सांगते, कोण आहे अन् कोण नाही.

म्हणून मागल्या आठवड्यात दवाखान्यात तपासणी करून आल्यावर हे आरशासमोर बसून सोताचंच चित्र काढायले लागले, तवा मी पहिले त्यातला हात पाहायले धावली. पण हे पाहू देत नाहीत. उठताना चित्रावर चादर टाकतात. तेव्हापासून माझी भाजी रोज करपते, अन् राग निघते बिचाऱ्या गॅसवर.

आज ते आंघोळीले गेले तशी मी चादर उचलली. चेहरा हुबेहूब, मागं आमच्या अंगणातला पेरू. हात मात्र मनगटापाशीच थांबलेला. पुढं कोरं कापड.

तेवढ्यात हे ओल्या अंगानं मागं येऊन उभे.

"हात काहून नाही काढला?" मी ओरडलीच.

"रिपोर्ट संध्याकाळी येते, वच्छला," ते खाली पाहत म्हणाले. "मंग पाहू, कसा काढायचा ते."

मी तरातरा सैपाकघरात गेली, फोडणीसाठी ठेवलेली गोडलिंबाची डहाळी आणली अन् त्यांच्या ओल्या मुठीत कोंबली.

"हे धरा," म्हटलं, "अन् बसा आरशासमोर. आत्ताच्या आत्ता."